जुनी गाडी घेताना : अ‍ॅव्हरेज, भरवसा आणि देखभालीचा हिशेब, इंदूरकरांसाठी

जुनी गाडी बघायला गेलं की पहिला प्रश्न अ‍ॅव्हरेजचा निघतो. समोरचाही उत्तर तयार ठेवून असतो, "बीस-बाईस तो आराम से." त्या उत्तराला पुरावा नसतो, आणि बऱ्याच घरांच्या बाबतीत तो प्रश्न पहिला असण्याची गरजही नसते. इंदुरात पहिल्यांदाच जुनी गाडी घेणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितो आहे. इंधन, बिघाड आणि देखभाल हे तिन्ही खर्च एकाच वहीत रुपयांत मांडा. मग कुठली गाडी आपली आणि कुठली नाही, हे बरंचसं कागदावरच कळतं.

१. आधी स्वतःचं रनिंग काढा

गाड्या बघायला लागण्याआधी घरी बसून एक आकडा काढा: महिन्याला आपण किती किलोमीटर चालवणार? अंदाज नको. ऑफिस, शाळा, दवाखाना, उज्जैन, ओंकारेश्वर, वर्षातून एक-दोनदा पुणे किंवा नाशिक, सगळं जोडा.

समजा, लोकमान्य नगरात एक निवृत्त जोडपं आहे. भाजी, बँक, राजवाडा, अधूनमधून देवास. रनिंग महिन्याला ४०० किलोमीटर, म्हणजे वर्षाला ४,८००. दुसरीकडे सुदामा नगरातली एक मुलगी पीथमपूरला कारखान्यात नोकरी करते. जाऊन-येऊन रोज ६० किलोमीटर, बाकीची कामं धरून महिन्याला १,८००, म्हणजे वर्षाला २१,६००.

दोघांसमोर दोन गाड्या आहेत. एक लिटरला १५ देते, दुसरी २०. पेट्रोल १०७ रुपये धरू. जोडप्याला पहिल्या गाडीत वर्षाला ३२० लिटर लागतील, दुसरीत २४०. फरक ८० लिटर, म्हणजे ८,५६० रुपये. पीथमपूरवालीला १,४४० लिटर आणि १,०८० लिटर. फरक ३६० लिटर, म्हणजे ३८,५२० रुपये. चार वर्षांत हा फरक दीड लाखाच्या वर जातो.

या दोन आकड्यांवर पुढचं सगळं ठरतं. जोडप्याने अ‍ॅव्हरेजच्या मागे लागून थकलेली गाडी घेतली, तर वर्षभराची बचत पुढच्या शॉकअब्जॉर्बरच्या एका जोडीत जवळजवळ संपते. त्यांनी सगळ्यात धडधाकट, कमी चाललेली, एका हातची गाडी शोधावी. ती १५ देत असली तरी चालेल. पीथमपूरवालीसाठी अ‍ॅव्हरेज हा पहिल्या रांगेतला मुद्दा आहे. पण तिची गाडी गॅरेजमध्ये अडकली तर तिची शिफ्टही अडकते, म्हणून भरवसा तिलाही सोडता येत नाही. आजचा भाव आणि तुमचं रनिंग टाकून हा हिशेब स्वतः करा.

२. अ‍ॅव्हरेजचा खरा आकडा

जाहिरातीतला आकडा एआरएआयचा असतो. पुण्याच्या या संस्थेत गाडी रोलरवर, ठरलेल्या वेगांच्या क्रमाने चालवून तो काढतात. पलासियाच्या सिग्नलवर मे महिन्यात एसी लावून उभी असलेली गाडी त्यात मोजलेली नसते. शहरात या आकड्यापेक्षा बरंच कमी मिळेल हे धरूनच चाला.

विकणाऱ्याला "अ‍ॅव्हरेज किती?" असं विचारू नका. त्याऐवजी दोन वेगळे प्रश्न विचारा, आणि मध्ये दुसरं काहीतरी बोला: महिन्याला साधारण कितीचं पेट्रोल भरता? आणि रोजचं जाणं-येणं किती? खर्चाचा आकडा माणसाच्या लक्षात असतो, तो फुगवायचं त्याला सुचत नाही. भागाकार घरी येऊन करा.

पेट्रोलमधल्या इथेनॉलचाही विचार करा. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश असते. आता पंपावर २० टक्के मिश्रण मिळतं, त्यामुळे मालक चार-पाच वर्षांपूर्वीचा आकडा सांगत असेल तर तो थोडा खाली धरा. एप्रिल २०२३ पासून बाहेर पडलेल्या गाड्या या पेट्रोलसाठी बनवलेल्या आहेत. त्याआधीच्या, विशेषतः फार जुन्या गाडीत रबरी नळ्या आणि गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात. ते मिस्त्रीला दाखवून घ्या.

डिझेलबद्दल मी जरा कडक आहे. महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या खाली रनिंग असेल तर जुनं डिझेल घेऊ नये. इंजेक्टर, टर्बो, हाय-प्रेशर पंप यातलं एकही काम निघालं, तर वर्षभर वाचवलेलं डिझेल त्यात जातं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये धूर गाळणारा डीपीएफ असतो. तो साफ राहायला गाडी मधूनमधून हायवेवर सलग पळवावी लागते. रोज रामबागेतून सियागंज आणि परत, एवढंच चालवणाऱ्याचा डीपीएफ चोंदतो. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं, तेव्हा मारुतीची डिझेल समोर आली तर ती त्याआधीचीच आहे, एवढं वय धरून भाव करा.

सीएनजी मात्र पीथमपूरवालीने नक्की बघावी. इंदुरात अवंतिका गॅसचे पंप आहेत. हिशेबापुरतं धरा: पेट्रोलवर लिटरला १८, सीएनजीवर किलोला २५, गॅस ९५ रुपये किलो. २१,६०० किलोमीटरला पेट्रोल १,२८,४०० रुपयांचं लागेल आणि गॅस ८२,०८० रुपयांचा. वर्षाला ४६ हजार वाचतात. बदल्यात डिकी जाते, चढावर दम थोडा कमी पडतो आणि पंपावर रांगेत उभं राहावं लागतं. किट कंपनीचं आहे की बाहेरून बसवलेलं, ते आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, बघा. इंधनाच्या रकान्यात सीएनजीची नोंद नसेल तर ती गाडी सोडून द्या. अपघातात विम्याचा क्लेम तिथेच अडतो. सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तिचा दाखला मागा.

३. भरवसा म्हणजे पार्ट आणि मिस्त्री

कुठलंही मॉडेल कधी ना कधी बिघडतं. प्रश्न असा की बिघडल्यावर इंदुरात दोन दिवसांत रस्त्यावर येतं का. वॅगन आर, स्विफ्ट, आय-१०, सँट्रो यांचे पार्ट कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळतात आणि ते बसवणारा मिस्त्री प्रत्येक कॉलनीत असतो. आठ-दहा वर्षांच्या गाडीसाठी मी याला सगळ्यात जास्त वजन देतो.

भारतातून गेलेल्या कंपन्यांच्या गाड्या स्वस्तात दिसतात. शेवरलेटची विक्री २०१७ च्या शेवटी थांबली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, डॅटसन २०२२ मध्ये गेली. यातल्या काही गाड्या चालवायला फार चांगल्या आहेत, फोर्डच्या फिगोचं स्टेअरिंग आजही आवडणारी माणसं आहेत. पण पार्ट किती दिवसांत येतो आणि किती रुपयांना, हे सौद्याआधी विचारा. आणि चार वर्षांनी विकताना गिऱ्हाईक कोण, हेही लिहून ठेवा.

इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला-मिटायला टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे नव्या माणसाला कोणी सांगत नाही. स्विफ्ट, वॅगन आरच्या के-सिरीज पेट्रोल इंजिनात चेन आहे. जुन्या सँट्रो झिंगमध्ये आणि डस्टरच्या डिझेलमध्ये बेल्ट आहे. बेल्ट ठरावीक किलोमीटरनंतर बदलावाच लागतो. चालत्या गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात आणि खर्च बेल्टच्या कितीतरी पट होतो. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच समजा आणि तेवढी रक्कम भावातून कमी करा. वॉरंटी संपलेल्या ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्स हा एकच मोठा खर्च असू शकतो. पहिलीच जुनी गाडी असेल तर मॅन्युअल घ्या.

रिकॉलही तपासा, म्हणजे दोष सापडला म्हणून कंपनीने ही गाडी दुरुस्तीला परत बोलावली होती का ते बघा. होंडाने सिटी, जॅझसारख्या जुन्या गाड्यांचे टाकाटा कंपनीचे एअरबॅग इन्फ्लेटर फुकट बदलून दिले आहेत, पण प्रत्येक मालक गेला असेलच असं नाही. कंपनीच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकला की कळतं.

४. देखभालीचा भाव फोनवर काढा

दोन-तीन मॉडेल मनात ठरली की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावा आणि त्या मॉडेलच्या, त्या सालच्या पाच पार्टचे भाव विचारा: क्लच सेट, पुढचे शॉकअब्जॉर्बर, एसीचा कॉम्प्रेसर, हेडलाइट आणि आरसा. तेच पाच आपल्या मिस्त्रीलाही विचारा. हेडलाइट आणि आरसा मुद्दाम ठेवले आहेत. इंदूरच्या गल्ल्यांत आणि पार्किंगमध्ये तेच आधी जातात. दोन गाड्यांची किंमत सारखी असली तरी ही यादी शेजारी-शेजारी लिहिली की फरक ठळक दिसतो.

विम्यातही इंजिनचा आकार लागतो. १ जून २०२२ पासूनच्या थर्ड पार्टीच्या दरांत १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ आणि १,५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये. नंतर जीएसटी वेगळा. स्वतःच्या नुकसानीचा विमा गाडीच्या किमतीवर असतो, त्याचं कोटेशन ऑनलाइन नंबर टाकून पाच मिनिटांत मिळतं.

आता भावाबद्दल. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नव्या गाड्यांचे भाव उतरले. विकणारा २०२३ चं बिल पुढे करून "साडेसातची घेतली होती" म्हणेल. तुम्ही आजच्या नव्या गाडीच्या ऑन-रोड भावावरून खाली या. डीलरकडून घेत असाल तर त्याला त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो भावात धरलेला असतो. घरच्या मालकाकडून घेतली तर तो लागत नाही.

५. गाडी बघायला जाताना

दिवसाउजेडी जा. पावसात किंवा नुकती धुतलेली गाडी बघू नका; ओल्या पत्र्यावर रंगाचा फरक दिसत नाही. जाण्याआधी फोनवर सांगून ठेवा, "भिया, मैं आऊं तब तक स्टार्ट मत करना." पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर सकाळची पहिली स्टार्ट कशी होते हे तुमच्यापासून लपवलं आहे. दुसऱ्या दिवशी परत या.

थंड इंजिन सुरू करताना एकाला मागे उभं करा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतं आहे. तिथून परत फिरा. थंडीतली पांढरी वाफ थोड्या वेळात जाते. ती गेलीच नाही आणि ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा फेस दिसला, तर कूलंट ऑइलमध्ये मिसळतं आहे, हेड गॅस्केटचं काम आहे.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला शिका, हे मी कळकळीने सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराने बडोद्यातल्या सोसायट्यांमध्ये गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. बडोदा इंदूरपासून काही तासांवर आहे आणि धुऊन-पुसून चकचकीत केलेली गाडी कुठेही विकता येते. जीजे ०६ नंबर दिसला म्हणून गाडी वाईट ठरत नाही, पण तपास दुप्पट करा. पुढच्या सीटचा बेल्ट हळूहळू, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा. रोज वापरताना बेल्टचा वरचा हात-दीड हात बाहेर येतो, तेवढाच धुतला जातो. आतल्या भागावर आडवी मातकट रेघ किंवा कडक झालेली पट्टी सापडली, तर गाडीत पाणी शिरलं होतं. मग सीट मागे सरकवून खालच्या रुळावर गंज बघा, स्टेपनीच्या खड्ड्यातला गालिचा उचला, फ्यूज बॉक्स उघडून आत पांढरी-हिरवी भुकटी आहे का बघा. काचा बंद करून दोन मिनिटं आत बसा. डॅशबोर्डवर दोन-दोन अत्तरं लावलेली असतील तर ती काढायला सांगा.

मीटर मागे फिरवणं सोपं असतं, म्हणून आकड्यापेक्षा झिजेकडे बघा. ३५ हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीत क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत आणि स्टेअरिंग चकाकलेलं असेल तर गडबड आहे. टायरवर चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. २०२२ च्या गाडीवर २०२४ चे टायर असतील तर ३५ हजारांत टायर का बदलले, हे विचारा. चासी नंबर देऊन कंपनीच्या वर्कशॉपमधून सर्व्हिसची नोंद काढता येते. मालक ती द्यायला कां-कूं करत असेल तर तेच उत्तर समजा.

अपघाताच्या खुणा बॉनेटखाली असतात. फेंडरच्या बोल्टवर पाना लागल्याचे ओरखडे, हेडलाइटच्या बाजूच्या पत्र्यावर वेगळी वेल्डिंग, दारांच्या फटी दोन बाजूंना कमी-जास्त. एक छोटं लोहचुंबक कापडात गुंडाळून दारांवर आणि फेंडरवर फिरवा. जिथे पोचा बुजवायला पुटिंग भरलं आहे तिथे ते धरत नाही. बंपर प्लास्टिकचा असतो, तिथे फिरवून घाबरू नका. बंपरचा रंग आणि दाराचा ओरखडा शहरात होणारच. आतला सांगाडा ठोकलेला असेल तर मात्र गाडी सोडा.

टॅक्सीत चाललेल्या गाडीची प्लेट बदलून खासगी केलेली असते. डिझायर आणि इटिऑस बघताना आरसीवरचा वर्ग आणि नोंदणीचा इतिहास बघा. पिवळ्या पट्टीचे अवशेष, सीटखालचा घसलेला गालिचा यावरूनही अंदाज येतो.

६. चालवून बघणं

कॉलनीत एक फेरी मारून काही कळत नाही. थोडं गर्दीतून, थोडं बायपासवर, आणि एक चढ, असा रस्ता धरा. खंडवा रोडला सिमरोलच्या पुढचा घाट उतरून परत वर आणता आली तर उत्तम. क्लच घसरत असेल, इंजिन तापत असेल, टर्बो थकला असेल तर चढावर लपत नाही. एवढं लांब नेऊ देत नसतील तर फ्लायओव्हरच्या चढावर गाडी थांबवून परत उचला. रेडिओ बंद, एसी चालू, काचा अर्ध्या उघड्या. स्पीडब्रेकरवर ठक-ठक म्हणजे सस्पेन्शन, पूर्ण वळवून हळू चालवताना कट-कट म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट. शेवटी गाडी उभी करून एसी चालूच ठेवा आणि तापमानाचा काटा बघा.

पसंत पडली तरी स्वतःच्या मिस्त्रीला एकदा दाखवा, आणि त्याचे पैसे द्या. डीलरने पाठवलेला मिस्त्री चालत नाही.

७. कागद

एमपरिवाहन अ‍ॅपवर नंबर टाका: कितवा मालक, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का. ई-चलन वेगळं तपासा आणि ते विकणाऱ्याकडून भरून घ्या. कर्ज असेल तर बँकेची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. काम नायता मुंडल्याच्या आरटीओत. डीलर असेल तर त्याचं आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र बघा, एप्रिल २०२३ पासून तो नियम आहे.

पुण्याच्या मावसभावाची गाडी आणायचा विचार आपल्याकडे बऱ्याच घरांत होतो. माणूस ओळखीचा, सर्व्हिसची खात्री, हे सगळं खरं. पण तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणावी लागते, इथला रोड टॅक्स भरावा लागतो आणि एमपीचा नंबर घ्यावा लागतो. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, त्याचा अर्ज वेगळा. हा खर्च भावात मिळवा, मग ठरवा. दिल्लीच्या गाड्यांनाही हेच लागू. तिथे १० वर्षांवरच्या डिझेलवर निर्बंध आले, म्हणून आठ-नऊ वर्षांच्या डिझेल गाड्या स्वस्तात इकडे येतात. १५ वर्षांनी आरसी नव्याने करायची फी ५,००० रुपये आहे, फिटनेस वेगळं. बारा-तेरा वर्षांची गाडी घेणाऱ्याने तेही वहीत लिहावं.

८. पैसे आणि ताबा

ठरलेल्या बजेटमधले तीस-चाळीस हजार बाजूला ठेवूनच सौदा करा. ताबा घेतल्या आठवड्यात इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल आणि वायपर बदलून घ्या. टायर पाच-सहा वर्षांचे असतील तर तेही. मग टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, दोनशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर परत फुल करा. चाललेल्या किलोमीटरला दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागा. तुमच्या गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज ते.

विमा १४ दिवसांच्या आत नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची विम्यातली सूट, तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. त्याचा फास्टॅग काढून टाका आणि तुमचा नवा लावा. गाडी सोपवल्याची पावती साध्या कागदावर दोन प्रतींत करा: गाडी नंबर, चासी नंबर, मीटरचं रीडिंग, तारीख आणि ताब्याची वेळ, दोघांच्या सह्या. वेळ लिहायचीच, त्या दिवशी सकाळी कॅमेऱ्यात सापडलेल्या गाडीचं चलन दुपारी गाडी घेणाऱ्याने भरायचं नसतं. विकणाऱ्यालाही तिचा उपयोग आहे. नोंदणीत ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. नाव बदलेपर्यंत अपघात झाला तर नोटीस त्याच्या घरी जाते, म्हणून तोही नायता मुंडल्याला तुमच्याबरोबर यायला तयार होतो.